अंगणातला उंचवटा

१२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझ्या भाचीचं लग्न पार पडलं. तू नव्हतास म्हणून काही अडलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझ्या जिवाला उगाच घोर नको. सगळे विचारत होते, मामा कुठाय, मामा कुठाय. मी म्हटलं, मामा नद्या सांभाळतो, त्याला सवड नसते.

फोन करत नाही. फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि मग एकाच वेळी ठेवतो. आई म्हणायचीच, तुम्ही दोघं फक्त कागदावर शहाणे. तर कागदावर भांडते.

गेल्या वर्षी तू आलास, जेवणाची ताटं बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरलास आणि आमच्या घरावर निळा रंग दाखवलास. वरच्या उतारावर वसाहत झाली की हे घर पाण्यात. एरवी सासरची माणसं पाण्यात पाहतात म्हणतात. माझ्या भावानं तर नकाशा काढून पाहिलं! तुझे दाजी चिडले ते त्यामुळे नाही. चिडले ते तू म्हणालास, ‘तुमच्या हट्टापायी माझी बहीण बुडेल,’ त्यामुळे. ‘लग्नाला ये, पण नकाशा घरी ठेवून ये,’ एवढंच तर ते म्हणाले. त्यावर तू यायचंच नाही ठरवलंस. दोघांची नाकं सारखीच लांब, मी मधल्या मधे.

मांडव मात्र बघायला हवा होतास. कुंपणापासून घराच्या भिंतीपर्यंत अख्खं अंगण झाकलेलं, पांढरं स्वच्छ. बाजूच्या कनाती तिरक्या उतरवून थेट जमिनीपर्यंत आणलेल्या. मांडववाल्याची माणसं होती, पण खांब सगळे ह्यांनीच उभे केले. ‘सुताराच्या लेकीच्या मांडवाचे खांब परक्यानं ठोकायचे?’ म्हणाले. दोन दिवस हातातली हातोडी सुटली नाही. आणि लग्नाच्या दिवशी सकाळपासून एक छोटं विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं. शेतात नांगर फिरतो ना, तसं. ह्या टोकाला गेलं की वळून पुन्हा त्या टोकाला. फोटोवाला वैतागला. तुझे दाजी सगळ्यांना सांगत सुटले, ‘आमचे मेहुणे आलेत, फक्त त्यांना उतरायला जागा मिळत नाहीये.’ सगळे हसले, मीही हसले. मग आत गेले आणि कपाटाशी उभी राहून रडले.

खाली नेहमीप्रमाणे ह्यांची ओळ आहे. पत्र मी लिहायचं आणि शेवटी ह्यांनी कानावरची पेन्सिल काढून शेपूट जोडायचं, हे तुला माहीतच आहे.

ताई

*मेहुणे, भराव घालतोय. अंगण कमरेइतकं वर घेतो, तळमजल्याची जमीन वर घेतो, दारं नव्यानं बसवतो. मग या आणि बुडवून दाखवा.*

*

३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. विमानाचा टोमणाही पोचला. दाजींना सांग, विमानातून लग्नाला येण्याइतका मी मोठा झालेलो नाही.

मी यायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या कामाची तपासणी होती. खरं सांगू? तपासणी पुढे ढकलता आली असती. पण डोक्यात राग होता आणि राग असला की मला काम फार महत्त्वाचं वाटायला लागतं. लेकीला सांग, मामा तिच्या नव्या घरी येईल आणि ती घालेल ते मुकाट्यानं खाईल.

पण ताई, दाजींना वाटतं तसं मी घाबरवायला आलो नव्हतो. आमचं काम साधं आहे. जेवढ्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी तुमच्या नदीत उतरतं, ती सगळी जमीन म्हणजे तुमच्या नदीचं पाणलोट. ते आम्ही मशीनमध्ये जसंच्या तसं मांडतो. मग त्यावर पाऊस पाडतो. एकदा आजच्या जमिनीवर, एकदा उद्याच्या. आज वरचा उतार गवताचा आणि झाडांचा आहे. पाणी मुरतं, रमतगमत खाली येतं. उद्या तिथे छपरं, रस्ते, गाड्या लावायच्या फरशा. तेच पाणी मग धावत येणार, सगळं एकदम. ‘आज’मध्ये तुमचं घर क्वचित भिजतं. ‘उद्या’मध्ये बुडतं. एवढंच मी टेबलावर दाखवलं. ताटं सारायला नको होती, हे कबूल.

आता नवी मोजणी झाली आहे. एका कंपनीनं विमानातून जमिनीची उंची मोजली. ते आकडे आले की पुन्हा सगळं मांडून बघणार. भरावाचं मनावर घेऊ नका, एका घराच्या भरावानं काय होणार?

तुझा बारक्या

*

२१ जून

प्रिय बारक्या,

उत्तराला उशीर झाला. शाळांच्या गणवेशांची शिलाई अंगावर आली होती, मान वर करायला फुरसत नव्हती. लेक खुशाल आहे. तिच्या नव्या घरातला गॅलरीचा दरवाजा लागत नाही म्हणते. बापाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन गेला असता.

तुझे दाजी मजेत आहेत. हल्ली कामं जरा कमी घेतात. वयाप्रमाणे माणसानं थोडं बसायला शिकावं.

वरच्या उतारावर खुणेचे खांब रोवलेत. मळ्याकडची वाट बंद केली आहे. बाकी ठीक.

ताई

*

१८ जुलै

ताई आणि दाजी,

हे पत्र दाजींना मोठ्यानं वाचून दाखव. मागच्या पत्रात त्यांची ओळ नव्हती, तेव्हाच समजलो की स्वारी अजून रुसलेली आहे. आता रुसवा काढा.

दाजी, तुम्ही जिंकलात.

नव्या मोजणीचे आकडे आले. मी सगळ्यात आधी कुठे बघितलं असेल? तुमच्या अंगणात. आणि बघतो तर काय, अंगण वर आलेलं! कमरेपेक्षा थोडं जास्तच. कडांना छान उतार दिलेला, मध्ये सपाट. आमच्या प्रोग्रॅमला घरांची यादी दिलेली असते, तो छपरं आणि झाडं काढून टाकतो आणि घराखालची जमीन आजूबाजूच्या उंचीवरून ठरवतो. तेव्हा घरही वर गेलं. मी ‘उद्या’चा पाऊस पाडला, सगळ्यात मोठा. अख्खी गल्ली निळी झाली आणि मधोमध तुमचं घर पांढरं शुभ्र, भाताच्या ढिगासारखं. मी खुर्चीतून उठून हसलो. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, माझ्या मेहुण्यांनी मला हरवलं.

मी जे बोललो त्याची माफी मागतो. तुमचा हट्ट खरा ठरला. मी उगाच माझ्या शिक्षणाचा तोरा मिरवला.

एक शंका मात्र आहे, हरलेल्या माणसाला तेवढी काढू द्या. रस्त्याच्या बाजूला भरावात एक खाच दिसते, दाराएवढी रुंद. तेवढी जागा का सोडलीत? हातगाडी आणायला? पाणी शिरलं तर तिथूनच शिरेल. ती तेवढी बुजवा.

आणि ताई, कामापुरतं विचारतो: भराव कधी घातलात, आणि मातीचा की मुरमाचा? माती असेल तर खचेल.

बारक्या

*

४ ऑगस्ट

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. ‘मेहुण्यांनी मला हरवलं’ ह्या ओळीशी आले की हात वर करून थांबवायचे आणि हसायचे. असे हसले बारक्या, किती दिवसांनी हसले. मग म्हणाले, तेवढीच ओळ पुन्हा.

तुला काय सांगू, त्या एका पत्रानं घरात कसं बरं वाटलं. तू मोठा झालास रे. हार मानायला मोठं व्हावं लागतं.

मुरूमच घातला. चांगला ठोकून, पाणी मारून. त्या खाचेचं मला काही कळलं नाही, पण बुजवू म्हणतात.

खाली ओळ आहे. अक्षराला हसू नकोस.

ताई

*बघितलंस*

*

२७ सप्टेंबर

ताई,

दाजींची ओळ मी टेबलासमोर चिकटवली आहे. काय ते अक्षर! आनंदात लिहिलंय की रंधा मारता मारता?

कामाचं सांगतो. नकाशा कायम झाला. पालिकेनं ठरवलंय की वसाहतीचं बांधकाम पुरं होण्याआधी निळ्या रेषेतल्या घरांना टेकाडावरच्या नव्या वस्तीत जागा द्यायची. तुमच्या गल्लीतली सगळी घरं रेषेत आहेत, तुमचं सोडून. आमच्या मोठ्या बाईंनी त्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, ‘इथे एकच घर कोरडं कसं? कुणी जाऊन बघितलंय का?’ नियमच आहे तसा. मोजणीत काही वेगळं दिसलं की प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची. मी म्हटलं, बाई, हे माझ्या बहिणीचं घर. भराव माझ्या मेहुण्यांनी घातलाय, मुरमाचा, ठोकून. बाई हसल्या, म्हणाल्या, मग ह्याहून चांगली खात्री कुठली. मी तिथे खूण केली आणि पुढे गेलो.

दिवाणखान्यात बसून पूर बघणारं शहरातलं एकमेव जोडपं तुम्ही. मला वरच्या खिडकीतली जागा राखून ठेवा.

बारक्या

*

९ डिसेंबर

प्रिय बारक्या,

गल्ली रिकामी झाली. काल समोरचे चपलावाले गेले. शेवटचं सामान म्हणजे त्यांचा तो लोखंडी साचा, चौघांनी उचलला. जाताना त्यांची बायको रडली; ‘तुम्ही नशीबवान, तुमचं घर वाचलं,’ म्हणाली. मी तिला चहा दिला. संध्याकाळी दिवा लावायला उठले तर गल्लीत आमचीच खिडकी उजेडात. इतकी वर्षं चपलावाल्यांच्या ठोकठोकीनं दुपारची झोप लागत नव्हती. आता शांततेनं लागत नाही.

वरचा उतार पार बोडका केलाय. झाडं गेली, गवत गेलं, नुसती लाल जमीन. रस्ते आखून खडी टाकली आहे. थोडा पाऊस झाला तरी नदी लालभडक होते.

एक विचारू? रागावू नकोस. समजा, आम्हालाही त्या नव्या वस्तीत जावंसं वाटलं, तर होईल का? तिथे म्हणे घरांना पायऱ्या नाहीत. दारातून सरळ आत. चपलावालीण येता-जाता असते, हाकेला माणूस असतं. मी नुसतं विचारतेय. हे म्हणतात विचारू नकोस, म्हणून त्यांच्या नकळत लिहितेय.

ताई

*

२० डिसेंबर

ताई,

अगं, घर वाचलेली माणसं रडतात आणि घर गेलेली आनंदानं पडदे लावतात, हे मला तुमच्याच गल्लीत बघायला मिळतंय! पायऱ्यांचं काय मध्येच? दाजींचे गुडघे बोलायला लागले वाटतं.

होणार नाही ताई. यादी नकाशावरून होते. तुमचं नाव त्यात घालायचं तर मला नकाशा खोटा करावा लागेल, आणि तुझ्यासाठी म्हणून मी ते केलं तर चपलावाल्यांसारख्या शंभरांना मी काय तोंड दाखवू? शिवाय गरज काय? दाजींनी एवढ्या कष्टानं घातलेला भराव सोडून जायचं? त्यांनाच वाईट वाटेल. ओकंबोकं वाटतंय ते थोडे दिवस. वसाहत झाली की वर्दळ होईल.

मार्चमध्ये येतो. नक्की. ह्या वेळी नकाशाशिवाय.

बारक्या

*

३० एप्रिल

ताई,

मार्चमध्ये आलो, पण कशासाठी यावं लागलं.

मी तिथे होतो तेवढे दिवस आपण बोललो नाही. तू चहा ठेवायचीस, मी प्यायचो. लेक आली, माझ्या गळ्यात पडली. आणि तिच्या बोलण्यातून मला कळलं की दाजींना लग्नानंतर महिन्याभरात अर्धांगाचा झटका आला होता, उजवा हात गेला होता, ते वर्षभर खालच्या खोलीत पलंगावर होते. मी तिच्यासमोर असं दाखवलं की मला माहीत होतं.

मी अंगणात उभा राहिलो. पुराचा चिखल काढून झाला होता. फाटकातून आत येताना जी एक पायरी उतरावी लागते, ती मी उतरलो. ताई, लहानपणापासून मला पाणी कुठून कुठे जाईल ते दिसतं. तिथे उभा राहून मला दिसलं की तिथे कधीच भराव नव्हता. जमीन होती तिथेच आहे. मला तुला विचारण्याचं धाडस झालं नाही. इकडे येऊन मी मूळ आकडे काढले. प्रोग्रॅमनं साफ करण्याआधीचे, विमानातून आले तसे.

मोजणीचा दिवस लेकीच्या लग्नाचा आहे.

तुझ्या पहिल्या पत्रातलं विमान आमचंच होतं. ते आमच्यासाठी जमीन मोजत होतं, आणि खाली अख्ख्या अंगणावर मांडव होता. घरांच्या यादीत मांडव नसतो. कनाती तिरक्या, जमिनीपर्यंत. त्यामुळे प्रोग्रॅमला ते छप्पर वाटलंच नाही. त्यानं वरचा भाग कापला आणि उरलेला उंचवटा जमीन म्हणून ठेवून दिला. मी त्या कापडावर ‘उद्या’चा पाऊस पाडला आणि तुमचं घर कोरडं ठरवलं.

मी लग्नाला आलो असतो तर तो आकडा बघताक्षणी ओळखला असता. मांडवाखाली बसून जेवलो असतो ना मी. तू विमानाचं लिहिलं होतंस, मांडवाचं लिहिलं होतंस, एकाखाली एक. मी त्यात फक्त टोमणा वाचला.

डिसेंबरमधलं माझं पत्र मला पाठ झालंय. नकाशा खोटा करावा लागेल, असं मी लिहिलं. ताई, तो खोटाच होता. तू बरोबर मागत होतीस.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलंय. वरून मंजुरी आली की नकाशा दुरुस्त करायला घेतो. तो उंचवटा काढायचाय. आणखी काय लिहू कळत नाही. मुरूम म्हणून तू का लिहिलंस, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारतोय.

बारक्या

*

१९ मे

प्रिय बारक्या,

तुझं पत्र घेऊन मी बरेच दिवस नुसती बसून होते. आता लिहिते.

झटका आला तेव्हा तुला कळवायचं होतं. हे नको म्हणाले. ‘भराव घालतो म्हणून छाती ठोकली त्याच्यापुढे, आता ह्या लुळ्याला बघायला येईल, दया करेल. नको.’ त्यांचा शब्द मी मोडला नाही. मग जुलैत तुझं पत्र आलं, दाजी तुम्ही जिंकलात. त्या माणसानं तोवर भिंतीकडे तोंड करून जेवणही सोडलं होतं रे. ते पत्र ऐकून ते उठून बसले. डाव्या हातात पेन्सिल मागितली. ‘बघितलंस’ एवढं लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली. तू विचारलंस, माती की मुरूम. मी काय लिहायला हवं होतं? भराव नाहीच, म्हणजे तू हरलाच नाहीस, असं? मी मुरूम लिहिलं. ठोकून लिहिलं, पाणी मारून लिहिलं. खोटं बोलायचं तर नीट.

आणि मला वाटलं, त्यात काय बिघडतंय. घर कोरडं आहे हे तर मशीननं सांगितलंय. बारक्या म्हणतो भरावामुळे, तो त्याचा अंदाज. मुळातच आपली जागा उंचावर असेल. हेसुद्धा म्हणाले, ‘मी म्हणत नव्हतो, आपली जमीन उंच आहे?’ तू माझ्या मुरमावर विश्वास ठेवलास आणि मी तुझ्या मशीनवर. मधल्या मधे तुझे दाजी गेले.

त्या दिवसाचं तू विचारलं नाहीस, पण तुला सांगायलाच हवं, मी एकटी किती दिवस घेऊन बसू. दुपारी चारचा सुमार. अवकाळी पाऊस सकाळपासून होता, पण असे पाऊस खूप बघितलेत. पाणी नदीकडून आलं नाही, वरच्या रस्त्यानं आलं, लाल, खडीसकट. मी दाराला फळी लावेपर्यंत खोलीत घोट्याएवढं झालं. मी ह्यांना पलंगावरून ओढलं आणि कामाच्या बाकावर चढवलं, ते त्यांचं रंध्याचं उंच बाक. कसं चढवलं मला आठवत नाही. जिन्यानं वर न्यायला दुसरा माणूस हवा होता. मी दारात जाऊन हाका मारल्या. चपलावाल्यांना मारली, त्यांच्या पलीकडच्यांना मारली. मग लक्षात आलं की गल्लीत कुणीच नाही.

मी परत आले. हे म्हणाले, तू वर जा. मी म्हटलं, नाही. म्हणाले, ‘लेकीला आई तरी राहू दे.’ पाणी बाकावर आलं तेव्हा मी त्यांचं डोकं धरून उभी होते. किती वेळ, माहीत नाही. ते म्हणाले, ‘बारक्याला म्हणावं, ह्या वेळी तूच जिंकलास.’ हसून म्हणाले, रे. चिडून नाही. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. पाणी माझ्या गळ्याशी थांबलं.

तुला माफ केलं, असं लिहावंसं वाटतं. पण आज लिहिलं तर तेही मुरमासारखंच होईल. मी स्वतःलाच अजून केलेलं नाही. तू लिहीत राहा, मी लिहीत राहते, बघू कधी होतं ते. गॅलरीचा दरवाजा अजून लागत नाही म्हणून लेक फोनवर रडते. खरं म्हणजे दरवाजासाठी रडत नाही ती.

आता एक मागणं आहे. तू तो उंचवटा काढणार आहेस. काढायलाच हवा, चपलावाल्यांसारख्या दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये. पण काढण्याआधी त्याचा एक कागद छापून मला पाठव. मूळ आकड्यांचा, कापाकापी करण्याआधीचा. लग्नाचे फोटो सगळे खालच्या कपाटात होते. फोटोवाल्याकडे विचारलं, त्याच्याकडेही काही उरलेलं नाही. एकही नाही. तो मांडव आता तुझ्या मशीनमध्येच तेवढा आहे. त्याखाली तुझे दाजी दोन पायांवर उभे आहेत, सगळ्यांना विमानाची गंमत सांगताहेत. मला ते दिसणार नाहीत, मला माहीत आहे. कापड तर दिसेल.

आणि ती खाच. जुलैत तू विचारलं होतंस तेव्हा मला कळलं नव्हतं, मांडवाचं वाचलं तेव्हा कळलं. रस्त्याच्या बाजूची एक कनात ह्यांनी वर गुंडाळून खांबाला बांधून ठेवली होती. मांडववाला म्हणाला, वारा शिरेल, सोडा. हे म्हणाले, ‘असू दे. बारक्या नेहमी उशिरा येतो. लांबून त्याला वाट दिसली पाहिजे.’ जेवणं झाली, माणसं पांगली, तरी त्यांनी ती कनात कुणाला सोडू दिली नाही.

तू लिहिलं होतंस, तेवढी बुजवा. छापशील तेव्हा ती जागा नीट दिसेल असं छाप.

ताई